दुपारी सावली, पहाटे ऊब

कुक्कुटपालनाच्या कोणत्याही पुस्तिकेत एक छोटा तक्ता हमखास सापडतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंश सेल्सिअस, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९, आणि असं दर आठवड्याला साधारण तीन अंश उतरत २१ ते २४ अंशांवर थांबायचं. तक्ता बरोबरच आहे. पण तो हातात घेऊन हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातला शेतकरी मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला की कोड्यात पडतो. बाहेर ४२ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. इथे ऊब द्यायची की काढून घ्यायची?

या कोड्यातून दोन उलट्या चुका होतात. काही जण पुस्तकाच्या धाकाने भर दुपारीही बल्ब चालू ठेवतात, कारण पहिला आठवडा म्हटलं की बल्ब हवाच. काही जण ऋतूच्या भरवशावर रात्रीही बल्ब लावत नाहीत, कारण उन्हाळ्यात कसली आलीय थंडी. पहिल्या चुकीत पिल्लं दुपारी उष्म्याने जातात, दुसरीत पहाटे गारठ्याने. उन्हाळ्यात मेलेली पिल्लं सगळी उन्हानेच मेली असं धरून चालतात आणि पहाटेचं मरण लक्षातच येत नाही.

या प्रकरणाचं सूत्र एवढंच: पिल्लाला ठरावीक तापमान द्यायच्या मागे लागू नये, त्याला तापमानाची निवड द्यावी. एक जागा उबदार, एक जागा थंड, आणि मधे फिरायला मोकळीक. बाकीचं पिल्लू स्वतः बघून घेतं.

इवलासा देह, मोठा खर्च

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू ३५ ते ४० ग्रॅमचं. अंगावर पिसं नाहीत, नुसती मऊ लव. देह लहान असला की वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो. त्यामुळे आतली उष्णता भराभर बाहेर जाते आणि बाहेरची तितक्याच वेगाने आत येते. मोठ्या कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, पहिल्या दिवशीच्या पिल्लाचं ४० च्या आसपास. हे तापमान स्वतःच्या बळावर राखण्याची यंत्रणा पहिले दहा ते चौदा दिवस कच्ची असते. म्हणूनच ऊब बाहेरून द्यावी लागते.

उन्हाळ्याचं गणित उलटं. कोंबडीला घामग्रंथी नसतात. भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड असेल तोवर पंख थोडे उचलून, अंग सैल सोडून उष्णता बाहेर टाकता येते. पण हवा ४१ अंशांच्या वर गेली की उष्णतेचा प्रवाहच उलटतो आणि ती हवेतून अंगात शिरू लागते. मग एकच मार्ग उरतो, चोच उघडून धापा टाकणं. श्वासावाटे पाण्याची वाफ होते आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून जाते. उपाय नामी आहे, पण पाणी खर्चणारा आहे. ४० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगातलं चार ग्रॅम पाणी उडालं की ते मरणाच्या दारात जातं. शिवाय धापांसोबत कार्बन डायऑक्साइडही भसाभस बाहेर पडतो आणि रक्तातलं आम्ल-अल्क संतुलन बिघडतं. उन्हाळ्यात पाण्यात इलेक्ट्रोलाइट मिसळायला सांगतात ते यासाठी.

निसर्गाने पिल्लाला एक शिदोरी दिलेली असते. बाहेर येण्याआधी अंड्यातला उरलेला पिवळा बलक त्याच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं. एकदिवसीय पिल्लांचा खोक्यांतून दूरवर व्यापार चालतो तो या शिदोरीच्या जोरावर. मात्र तिचा आधार थंड हवेतल्या प्रवासात जितका पुरतो तितका मे महिन्यातल्या टेम्पोत पुरत नाही, कारण तिथे आधी पाणी संपतं.

खुडूक कोंबडीची रीत

गावाकडच्या परसात हा सगळा उपद्व्याप करावा लागत नाही. खुडूक बसलेली गावठी कोंबडी २१ दिवस अंडी उबवते आणि पिल्लं निघाल्यावर त्यांना पंखांखाली घेते. उन्हाळ्यात तिच्याकडे नीट पाहावं. सकाळी गारवा असेल तेव्हा पंख जमिनीला टेकवून ती घट्ट बसते आणि पिल्लं पोटाखाली दडलेली असतात. ऊन चढलं की ती निंबाच्या किंवा बाभळीच्या सावलीला जाते, पंख सैल सोडते, माती उकरून खालच्या गार मातीत अंग टेकते. पिल्लं आत-बाहेर करत राहतात. कुणाला थंडी वाजली की ते आत, उकडलं की बाहेर. तापमान कोंबडी ठरवत नाही, ती फक्त ऊब उपलब्ध ठेवते. एका कोंबडीखाली बारा-पंधरा पिल्लं मावतात आणि तेवढ्यांचा हिशोब बिनचूक लागतो.

अडचण आली ती पिल्लू आईपासून सुटं झाल्यावर. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेली वनराजा असो की बंगळूरची गिरिराजा, या सुधारित कोंबड्या अंडी आणि वजन दोन्ही देतात, पण खुडूक क्वचितच बसतात. त्यांची अंडी यंत्रात उबवतात आणि पिल्लू जन्मतःच पोरकं असतं. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ५० टक्के अनुदानावर १०० एकदिवसीय पिल्लांचा गट मिळतो. तो घरी आला की त्या दिवसापासून आईचं काम घरच्यांकडे येतं, आणि बहुतेक घरांत ते बाईमाणसाच्या वाट्याला येतं.

माणसाने हे काम थर्मामीटर नसतानाही केलं आहे. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत एका वेळी हजारो अंडी उबवण्याची कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिथले कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावून त्याची ऊब जोखत. आजही हॅचरीतली अनुभवी माणसं पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघतात. पाय गार लागले तर पिल्लाला थंडी वाजते आहे, मग भिंतीवरचं थर्मामीटर काहीही सांगो.

गट कधी आणायचा

हिंगोली जिल्ह्यात मार्चच्या मध्यावर दिवस ३६-३७ अंशांचा आणि रात्र १९-२० अंशांची असते. एप्रिलअखेर दिवस ४१ च्या घरात जातो. मेमध्ये दिवसाचं तापमान ४२ च्या आसपास, पहाटेचं २६-२७. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस जमला की दिवस ३४-३५ वर येतो. हे आकडे पुस्तकातल्या तक्त्याशेजारी ठेवले की एक नवलाची गोष्ट दिसते.

मार्चच्या मध्यावर आणलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात आणि रात्र असते २० ची, म्हणजे रात्रभर पंधरा अंशांची भरपाई करायची. तीच पिल्लं सहा आठवड्यांची होतात तेव्हा अंगावर पिसं आलेली असतात, त्यांना २१ ते २४ अंश सुखाचे वाटतात, आणि बाहेर एप्रिलअखेरचं ऊन असतं. पिल्लाची गरज खाली येते तसं ऊन वर चढतं. भर पिसांत आणि वाढत्या वजनात उष्म्याचा तडाखा बसतो. त्यातच मार्च-एप्रिल म्हणजे वसमत-कळमनुरीकडे हळद काढायचे, शिजवायचे, वाळवायचे दिवस. घरातलं कोणी पिल्लांपाशी थांबायला मोकळं नसतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आणलेल्या गटाचं उलट होतं. एका दिवसाच्या पिल्लाला हवी असलेली ऊब आणि बाहेरची हवा यांत रात्रीही आठ-नऊ अंशांचंच अंतर असतं. दुपारचे पाच-सहा तास सांभाळले की झालं. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत पाऊस पडलेला असतो आणि त्यांना हवा असलेला गारवा आपोआप मिळतो. तेव्हा शत्रू बदलतो. ओलं तूस आणि त्यातून होणारी रक्ती हगवण सांभाळावी लागते. तरीही निवड करायची मुभा असेल तर मार्च-एप्रिलच्या गटापेक्षा मेअखेरचा गट सोपा.

पिल्लं कधीही आणली तरी प्रवास रात्रीचाच ठेवावा. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून हिंगोलीला यायचं म्हणजे दोनशे किलोमीटरहून अधिक रस्ता. संध्याकाळी निघून पहाटे पोचावं. खोक्यांच्या दोन ओळींत चार बोटं अंतर राहू द्यावं आणि हवेची भोकं ताडपत्रीने झाकली जाणार नाहीत हे बघावं. खोक्यातल्या शंभर पिल्लांचीच उष्णता इतकी असते की वाटेत चहाला थांबलेल्या गाडीत वरची खोकी वाचतात आणि मधली गुदमरतात.

शंभर पिल्लांची मांडणी

जमीन आधी चुन्याने पोतारून वाळवावी. त्यावर दोन इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा, आणि पहिले दोन-तीन दिवस वर कागद. कागदावर मक्याचा भरडा शिंपडला की टकटक आवाजाने पिल्लं टिपायला शिकतात. भोवती पत्र्याचं किंवा जाड पुठ्ठ्याचं दीड फूट उंचीचं गोल कडं. थंडीत शंभर पिल्लांना पाच फूट व्यासाचं कडं चालतं, म्हणजे जेमतेम वीस चौरस फूट जागा. उन्हाळ्यात व्यास सात फूट करावा. मग जागा ३८ चौरस फूट होते, जवळजवळ दुप्पट. उन्हाळ्यात पुठ्ठ्याऐवजी बारीक जाळी लावली तर खालून वारा खेळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कडं दररोज थोडं थोडं मोठं करत जावं.

बल्ब मधोमध टांगायची सवय उन्हाळ्यात सोडावी. तो कड्याच्या एका बाजूला, जमिनीपासून एक ते दीड फुटावर टांगावा, म्हणजे एक टोक उबदार आणि दुसरं थंड राहतं. थंडीत पिल्लामागे दोन वॅट धरतात. मेमध्ये रात्रीला एक वॅट पुरतो. पण इथे एक नवीनच गफलत होऊ लागली आहे. पूर्वीचे शंभर वॅटचे पिवळे बल्ब दुकानांत मिळेनासे झाले आणि त्यांच्या जागी एलईडी आले. जुना बल्ब घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता म्हणून बाहेर टाकायचा, म्हणून तर तो पिल्लांच्या कामाचा होता. नऊ वॅटच्या एलईडीत उजेड भरपूर पण ऊब नाहीच. ‘बल्ब तर रात्रभर चालू होता, तरी पिल्लं गारठली कशी?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. जुना बल्ब मिळत नसेल तर इन्फ्रारेड दिवा घ्यावा आणि तो तूस, बारदाना यांच्यापासून लांब, साखळीने पक्का बांधावा. शेगडीत निखारे ठेवायचे असतील तर धूर थांबल्यावरच ती आत न्यावी आणि वरची हवा मोकळी ठेवावी, कारण निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थर्मामीटर भिंतीवर डोळ्यासमोर लावू नये. पत्र्याखालची गरम हवा वर साचते आणि तो तिथलं तापमान सांगतो. पिल्लू जगतं जमिनीपासून दोन इंचांवर. थर्मामीटरही तिथेच, एक बल्बच्या बाजूला आणि जमल्यास दुसरा थंड टोकाला. दीडशे-दोनशे रुपयांच्या या वस्तूने जेवढी पिल्लं वाचतात तेवढी महागड्या टॉनिकने वाचत नाहीत.

दुपारी बारा ते पाच

दुपारी ऊब द्यायची नसते, थंड कोपरा तयार करायचा असतो. सुरुवात छतापासून. उन्हात तापलेला पत्रा ६० अंशांच्या पुढे जातो आणि खालच्या पिल्लांवर उष्णता ओतत राहतो. हवा कितीही खेळती असली तरी हा मारा चुकत नाही. पत्र्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. त्याहून स्वस्त उपाय शेतातच पडलेला असतो. पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा जाड थर अंथरून दोरीने बांधला की ऊन पत्र्यापर्यंत पोचतच नाही. शेडची लांबी पूर्व-पश्चिम असली तर ऊन कमी शिरतं. नसली तर पश्चिमेला बारदान्याचा पडदा हवाच.

बारदाना ओला ठेवला की त्यातून येणारा वारा थंड होतो. घरातला कूलर नेमका याच तत्त्वावर चालतो, आणि त्याचा अनुभव मराठवाड्यात सगळ्यांना आहे: मेमध्ये तो खोली गारेगार करतो आणि जूनमध्ये ढग दाटले की नुसता चिकचिकाट करतो. मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओल्या बारदान्यातून येणारी हवा आठ-दहा अंशांनी उतरू शकते. हवा दमट झाल्यावर तोच पडदा दोन-चार अंशांवर थांबतो आणि वर शेडमध्ये ओल वाढवतो. तेव्हा पाणी मारणं थांबवून वारा वाढवावा. पंख्याचंही तसंच. ४३ अंशांची कोरडी हवा नुसती फिरवली तर पिल्लांच्या अंगावर झळ मारल्यासारखं होतं. आधी हवा ओल्या पडद्यातून यावी, मग पंखा. पिल्लांच्या अंगावर पाणी मात्र कधीही शिंपडू नये. ओली लव दुपारी निभावते, संध्याकाळी जीव घेते.

पिण्याचं पाणी हे दुपारचं मुख्य औषध. पन्नास पिल्लांमागे एक भांडं हा नेहमीचा हिशोब, उन्हाळ्यात त्यात एक-दोन वाढवावीत. शेडवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं आणि गरम पाण्याला पिल्लू तोंड लावत नाही. माठातलं किंवा रांजणातलं पाणी भरावं आणि दुपारी दोन-तीनदा बदलावं. प्रवासातून आलेल्या पिल्लांना पहिल्यांदा पाणीच द्यावं, गुळाचं किंवा इलेक्ट्रोलाइटचं, आणि तास-दीड तासाने भरडा. भांड्यापाशी न आलेल्या पिल्लांची चोच एकेक करून पाण्यात बुडवावी. राणीखेत रोगावरची लसोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी येते. ती सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत उरकावी.

डालग्याखाली पिल्लं डालून वर पोतं टाकायची जुनी सवय मांजर-मुंगसापासून रक्षण करते, पण मेच्या दुपारी तिचा सापळा होतो. डालगं हवं तर सावलीत ठेवावं आणि त्यावर काही टाकू नये.

पहाट आणि वळीव

पहाटे तीन ते सहा हा उन्हाळ्यातला विसरलेला काळ. माणसाला २६ अंशांची हवा सुखाची वाटते, अंगणातल्या बाजेवर छान झोप लागते. तीन दिवसांच्या पिल्लाला मात्र ती आठ-नऊ अंशांनी कमी पडते. वीज गेली, अंधार झाला की पिल्लं घाबरून एका कोपऱ्यात चढाचढी करतात आणि ढिगाखालची गुदमरतात. म्हणून भारनियमनाच्या भागात पहिल्या आठवड्यात एक बॅटरीचा दिवा आणि शेगडीची तयारी असावी. कड्याला कोपरे नसावेत, गोलच असावं, तेही याचसाठी: गोलात ढीग होत नाही.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा तासाभरात तापमान दहा-बारा अंश कोसळतं. वादळात बारदाने उडतात, तिरका पाऊस आत येतो. दुपारी ज्यांना गारवा द्यायची धडपड चालली होती त्याच पिल्लांना संध्याकाळी बल्ब लागतो. ताडपत्रीचे पडदे वरून गुंडाळलेले आणि दोरी सोडताच खाली येतील असे बांधलेले हवेत. भिजलेलं तूस त्याच रात्री बदलावं.

पिल्लू काय सांगतं

शेडमध्ये शिरण्याआधी दाराशी दोन मिनिटं गप्प उभं राहावं आणि ऐकावं. कर्कश, एकसारखी चिवचिव म्हणजे थंडी किंवा भूक. शांतता, उघड्या चोची आणि पसरलेले पंख म्हणजे उष्मा. हळू, तुटक किलबिल म्हणजे सगळं ठीक. मग आत बघावं. बल्बखाली गोळा झालेली पिल्लं गारठलेली असतात. कड्याला चिकटून बसलेली उकडलेली. सगळी एकाच बाजूला सरकलेली असतील तर दुसऱ्या बाजूने झोत येतो आहे. सगळीकडे विखुरलेली, काही खाणारी, काही पाय पसरून झोपलेली दिसली की काहीही बदलू नये. आल्यापासून २४ तासांनी दहा-बारा पिल्लं उचलून गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपावी. ती मऊ आणि भरलेली हवी. रिकामी असेल तर खाद्याआधी तापमान तपासावं, कारण थंडी वाजणारं आणि उकडणारं पिल्लू दोन्ही खात नाहीत. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली असेल तर तोच इशारा समजावा. कोमट पाण्याने पुसावी आणि कड्यातली हवा सुधारावी.

शंका राहिली तर तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र कळमनुरी तालुक्यातच आहे आणि परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही लांब नाही. पण तिथे जाण्याआधी दोन आकडे लिहून न्यावेत: दुपारी दोनचं आणि पहाटे चारचं तापमान, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर मोजलेलं. हे दोन आकडे सात दिवस वहीत टिपले तर बहुतेकांना दुसऱ्या कुणाला विचारायची वेळच येणार नाही.